पोचा आणि पाप

संत्र्याच्या हंगामात काटोलच्या बाजाराजवळ क्रेट भरलेल्या पिकअपला मागची कार धडकली, की गर्दीचा निकाल तयारच असतो: मागचाच चुकला. न्यायदर्शनाच्या कसोटीवर हे अनुमान लंगडे पडते. धुराची आणि अग्नीची असते तशी हेतूची (म्हणजे खुणेची) आणि साध्याची (तिच्यावरून जे सिद्ध करायचे त्याची) साथ कधीच सुटत नसेल, तरच अनुमान पक्के. पिकअप रिव्हर्स आला असला तरी कारच्या बॉनेटला पोचा पडतोच. अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. म्हणून काचेचे तुकडे कुठे पडलेत, टायरचा वण कुठून सुरू होतो, हे गाड्या बाजूला घेण्याआधी पाहावे.

‘हा दैवाचाच भाग’ असा एक आक्षेप येतो. गीतेच्या 18व्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत दैव आहे, पण पाचवे. आधीची चार मी इथे रस्ता, चालक, ब्रेक आणि वळवलेले स्टिअरिंग अशी वाचतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: एवढ्याशा पोच्यासाठी कीस कशाला पाडायचा, थोडे पैसे देऊन मिटवा. मिटवायला हरकत नाही. पण पैसे कोणी द्यायचे हे बहुधा चढ्या आवाजावर ठरते, आणि देणाऱ्याच्या माथी दोषही बसतो. मोटार अपघाताच्या भरपाईत न्यायालये संशयातीत पुरावा मागत नाहीत. अधिक संभाव्य काय ते पाहतात, आणि चूक दोघांची असली तर ती टक्क्यांत वाटतात. हे कायद्याने घेतलेले नमते आहे, असे मला वाटत नाही. चालक 30 टक्के चुकला असे म्हणताना त्याला वाईट माणूस ठरवावे लागत नाही.