पेरूचा त्रिशूळ आणि चंद्रपूरचा रावण

चंद्रपूर जिल्ह्यात समुद्राचा निर्विवाद पुरावा कुठे असेल तर तो राजुरा-कोरपना भागातल्या चुनखडीत. हे थर सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचले आणि आज त्यांच्याच जिवावर आपले सिमेंट कारखाने चालतात. माणसांनी ओलांडलेला समुद्र मात्र इथून शेकडो कोस दूर. तरीही प्राचीन काळी समुद्रापार कोण कुठवर पोहोचले या वादात चांदा-गडचिरोलीचे जंगल ओढले गेले आहे, आणि ते रामायणाच्या वाटेने.

पुण्याचे डॉ. प. वि. वर्तक पेशाने डॉक्टर, ध्यास मात्र प्राचीन इतिहासाचा. 'वास्तव रामायण' या ग्रंथात त्यांनी ग्रहस्थितीच्या गणितावरून रामजन्माची तारीख काढली : 4 डिसेंबर, इ.स.पू. 7323. किष्किंधाकांडात सुग्रीव सीतेच्या शोधासाठी वानरांना चारी दिशांना धाडतो. पूर्वेची वाट सांगताना तो यवद्वीपाचे नाव घेतो, पुढचे समुद्र सांगतो आणि अखेरीस तीन शिरांच्या सोनेरी तालवृक्षाचे वर्णन करतो. पूर्व दिशेची खूण म्हणून तो तिथे उभा केलेला आहे. वर्तकांच्या मते हा ताल म्हणजे पेरू देशात पिस्कोच्या उपसागराकाठी डोंगराच्या उतारावर कोरलेला त्रिशूळ. सुमारे 180 मीटर उंचीची ही आकृती भर समुद्रातूनही दिसते. म्हणजे सुग्रीवाला दक्षिण अमेरिका ठाऊक होती!

हे वाचताना मन थरारते. आपल्याकडे वाल्मीकी भक्तीने वाचला जातो, नाहीतर बाजूला ठेवला जातो. त्यातला भूगोल बोट ठेवून, ओळीओळीने वाचण्याचे कष्ट वर्तकांनी घेतले, आणि त्याबद्दल त्यांना मान द्यायलाच हवा. विद्यापीठातल्या मंडळींनी अशा मांडणीकडे नुसते दुर्लक्ष केले तर ती मांडणी मरत नाही, घरोघर वाढत राहते.

पण मांडणी तपासायची तर आधी त्रिशुळाच्या पायथ्याशी जायला हवे. त्या परिसरात मिळालेली खापरे पाराकास संस्कृतीची, इ.स.पू. 200 च्या सुमाराची. एवढ्यावरून आकृतीचा काळ पक्का ठरत नाही, हे खरे. मात्र सात हजार वर्षे मागे जायचे तर तिथल्या मातीतून काहीतरी निघायला हवे : भारतीय घडणीचे एखादे भांडे, एखादा मणी, धातूचा तुकडा. तसे काही पुढे आलेले नाही. उरते ते तीन टोकांचे साम्य. तीन टोके तर जगात हजार ठिकाणी सापडतील.

इंग्लंडच्या नौदलात पाणबुडीचे कप्तान राहिलेल्या गॅव्हिन मेन्झिस यांचीही गत हीच. झंग हे याच्या चिनी आरमाराने 1405 ते 1433 या काळात कालिकतपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत सफरी केल्या, हा पक्का इतिहास. मेन्झिस यांनी 2002 च्या आपल्या ग्रंथात 1421 साली निघालेले ते आरमार कोलंबसाच्या आधीच अमेरिकेला पोहोचवले. जगात जिथे जिथे अनोळखी दगड, जुने जहाज किंवा नकाशा सापडला, तिथे तिथे त्यांना चिनी दिसले. नोंदी का नाहीत, तर दरबाराने त्या नष्ट केल्या. पुरावा सापडला तर सिद्धान्त खरा आणि नाही सापडला तरी खराच, अशी ही रचना. रॉबर्ट फिनले यांनी 2004 साली तिची कठोर चिरफाड केली.

यावरून हौशी माणसाने इतिहासात पडूच नये असे कुणी म्हणेल तर ते मला मुळीच मान्य नाही. राजवाडे कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक होते? गावोगाव हिंडून त्यांनी कागद गोळा केले नसते तर मराठ्यांच्या इतिहासाची साधने कुठून आली असती? आणि समुद्रसफरीपुरतेच बोलायचे तर नॉर्वेचे हेल्गे इंगस्टाड मूळचे वकील. नॉर्स लोकांच्या जुन्या कथांमध्ये अमेरिकेतल्या 'विनलँड'चे वर्णन येते आणि अनेक अभ्यासक ते बरेच दक्षिणेला शोधत होते. इंगस्टाड 1960 साली न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला पोहोचले. तिथल्या जॉर्ज डेकर नावाच्या गावकऱ्याने त्यांना गवताखालचे उंचवटे दाखवले. पुरातत्त्व शिकलेल्या पत्नी ॲन स्टीन यांनी पुढच्या वर्षीपासून तिथे उत्खनन केले. घरांचे पाये, लोखंड गाळल्याची मळी, अंगरख्याची काशाची पिन आणि सूत कातायच्या चातीची दगडी चकती हाती लागली. 2021 मध्ये तिथल्या लाकडाच्या वाढवलयांवरून झाड तोडल्याचे वर्षही निघाले : 1021. इंगस्टाड यांनी आपले म्हणणे अशा जागी नेऊन ठेवले होते की जमीन रिकामी निघाली असती तर ते तिथेच संपले असते. वर्तकांनी ही जोखीम घेतली नाही, आणि माझा आक्षेप एवढाच आहे.

आता आपल्या जंगलाकडे. वर्तकांनी रामायण पॅसिफिकपार नेले, तर काहींनी ते समुद्रापर्यंतही जाऊ दिले नाही. इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी लंका अमरकंटकच्या परिसरात ठेवली. सरकारी नोकरीत राहून मध्य प्रांताचे शिलालेख धुंडाळणारे रायबहादूर हिरालाल यांचा कौलही तिकडेच. गोंड स्वतःला रावणवंशी म्हणवतात, हा त्यांचा एक आधार. पुढे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी 1973 साली हाच धागा उचलला. युद्धात वानर शालवृक्ष उपटून फेकतात, आणि शाल हे तर मध्य भारताच्या जंगलाचे झाड. हा मुद्दा वनस्पतिशास्त्राने खोडता येतो किंवा टिकवता येतो, म्हणून मला तो त्रिशुळापेक्षा वजनदार वाटतो. लंका तिथेच होती हे मात्र त्यानेही सिद्ध होत नाही. कवीने आपल्या ओळखीची झाडे दूरच्या बेटावर लावली असणेही शक्य आहे.

शिवाय इथे एक गोष्ट पुण्यात किंवा इंदुरात बसून दिसणार नाही. गडचिरोली जिल्ह्यात परसवाडीला दसऱ्याच्या दिवशी रावणाची पूजा होते. तिथल्या गोंडांसाठी तो पूर्वज आहे. त्यांची श्रद्धा लंकेचा नकाशा ठरवण्याचे साधन म्हणून वापरायची आणि त्यांना त्या चर्चेत जागा द्यायची नाही, हे न्यायाचे नाही. पेरूतही वेगळे काय घडते? डोंगर पाराकासच्या लोकांचा आणि त्यावरची आकृती मात्र भारतीयांच्या किंवा देवांच्या नावावर.

साम्यावर विसंबल्याने काय होते ते पाहायला चंद्रपूरकराला घराबाहेर पडले की पुरे. लालपेठ भागात उघड्यावर पडलेली प्रचंड दगडी शिल्पे आहेत. गोंड राजवटीत रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने मंदिरासाठी ती घडवायला घेतली आणि काम अर्धवट राहिले, असे सांगतात. त्यातली सर्वांत मोठी, सुमारे 25 फुटांची मूर्ती गावात 'रावण' म्हणून ओळखली जाते. दहा तोंडे, म्हणजे रावणच! प्रत्यक्षात ती दशमुखी दुर्गा आहे.

आणि साम्य नीट तपासले तर काय हाती लागते, तेही याच जिल्ह्यात पाहायला मिळते. नागभीड तालुक्यातल्या देवटेक गावची एक शिळा आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. तिच्यावर दोन लेख कोरलेले आहेत. जुना लेख प्राचीन ब्राह्मीत असून त्यात प्राणी पकडण्यास आणि मारण्यास मनाई आहे. वा. वि. मिराशींनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा मानला. दुसरा काही शतकांनंतरचा, संस्कृतात, रुद्रसेन राजाच्या धर्मस्थानाचा. हा रुद्रसेन म्हणजे वाकाटक घराण्यातला पहिला रुद्रसेन, असे मिराशींनी दाखवले. दोन्ही लेखांत गावाचे नाव जवळपास एकच येते : चिकंबरी, चिक्कंबुरी. देवटेकच्या शेजारी चिकमारा नावाचे गाव आहे. नुसते नाव जुळले असते तर मी साशंक राहिलो असतो. पण इथे शिळा त्याच शिवारातली, लिपी आपापल्या काळाची आणि शतकांच्या अंतराने दोन वेगळ्या हातांनी नोंदवलेले नाव तेच. कुणाला शंका असेल तर त्याने नागपूरला जाऊन अक्षरे पाहावीत, मग नागभीडची गाडी धरावी.