कळ आणि कळणे

‘ज्याचे जळते त्याला कळते’ अशी आपली एक म्हण आहे. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलताना ती हटकून ओठांवर येते. मौज अशी की, ती दोन अगदी उलट हेतूंनी वापरता येते. भाजलेला माणूस ती उच्चारतो तेव्हा तिच्यात तक्रार असते : तुम्हांला काय कळणार? न भाजलेला माणूस ती उच्चारतो तेव्हा तिच्यात स्वतःची सुटका असते : मला कसे कळणार? पहिल्या माणसाशी माझा वाद नाही. दुसऱ्याशी आहे, आणि तो वाद नीतिशास्त्राच्या आधाराने न मांडता शरीरशास्त्राच्या आधाराने मांडून पाहावा, असे मला वाटते.

म्हणीने एक गोष्ट गृहीत धरली आहे. जळणे आणि कळणे एकाच जागी घडते, ही ती गोष्ट. आपल्या भाषेनेही हे दोन अनुभव शेजारी शेजारी बसवले आहेत. दुखण्याची ती कळ आणि जाणण्याचे ते कळणे. या दोन शब्दांचे मूळ एकच आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला, याविषयी शंका नाही. वेदना हे एक प्रकारचे ज्ञान आहे. मग प्रश्न असा की, हे ज्ञान होते कोणाला?

मी तळवड्यात राहतो. निगडीहून देहूकडे निघाले की इंद्रायणीच्या अलीकडे हे गाव लागते. गाव म्हणायचे ते सवयीने. आता एकीकडे संगणकाचे काम करणाऱ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत आणि दुसरीकडे पत्र्याच्या शेडी. मोटारींना लागणारे सुटे भाग ज्यांतून घडतात अशा या शेडींतून प्रेसचे ठोके ऐकू येतात. अशा एखाद्या प्रेसखाली कामगाराचे बोट सापडले, तर त्याच्या देहात काय घडते?

बोटाच्या त्वचेत मज्जातंतूंची उघडी टोके असतात. चिरडणे, कापणे, भाजणे यांची खबर घेणे हे त्यांचे काम. त्यांतली काही टोके साधारण 43 अंशांवरच्या उष्णतेने जागी होतात, आणि नेमकी तीच मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही जागी होतात. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 साली हे दाखवून दिले आणि पुढे 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ठेच्याने तोंड भाजले असे आपण म्हणतो ते केवळ अलंकारिक नाही, हे त्यामुळे ठरले. टोक जागे झाले की त्यातून विजेचा एक सूक्ष्म ठोका निघतो आणि तंतूच्या वाटेने पाठीच्या कण्याकडे जातो. तेथे मज्जारज्जूत दुसरी पेशी तो निरोप उचलते, रज्जूची बाजू ओलांडते आणि मेंदूच्या गाभ्यातल्या थॅलॅमसपर्यंत नेते. तिथून तिसरी पेशी तो मेंदूच्या पृष्ठभागावर पोहोचवते. उजव्या हाताची कळ डाव्या मेंदूत कळते ती अशी.

या प्रवासाला वेळ लागतो. 1850 साली हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून निरोपाचा वेग मोजला, तोवर तो मोजण्यापलीकडचा आहे असे मोठमोठे पंडित मानत होते. तो सेकंदाला तीसएक मीटरांच्या आसपास निघाला, म्हणजे आगगाडीइतकाच. आज आपल्याला ठाऊक आहे की, माणसाच्या देहात साध्या स्पर्शाचा निरोप सेकंदाला 30 ते 70 मीटर धावतो, तीक्ष्ण कळेचा 5 ते 30 मीटर, आणि मागाहून येणाऱ्या ठणक्याचा जेमतेम मीटर-दोन मीटर. ठेच लागली की आधी नुसते आपटल्याचे कळते, मग चमक येते आणि आपण ‘आई गं’ म्हणेपर्यंत ठणका येऊन पोहोचतो. ही तीन टपालांची तीन पत्रे आहेत.

यांत एक बारकावा आहे. तंतूतून वेदना वाहत नाही. वाहतात ते ठोके. दुखणे थोडे असेल तर ठोके विरळ, अधिक असेल तर दाट, एवढाच फरक. म्हणजे जळते ते बोट, पण बोटाला काही कळत नाही. ज्या मेंदूत कळते तो कधी जळत नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्यावर सुरी चालवली तरी त्याला दुखत नाही, म्हणून जाग्या रोग्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते. माझ्या ओळखीच्या एका कामगाराची तर्जनी काही वर्षांपूर्वी प्रेसखाली गेली. थंडीच्या दिवसांत ती तर्जनी अजून ठणकते, असे तो सांगतो. बोट नाही, पण बोटाची बातमी येतेच आहे. म्हण बाजूला ठेवून शरीराला विचारले, तर ते सांगेल : ज्याचे जळते त्याला कळत नाही. कळते ते दूर बसलेल्या दुसऱ्याच कोणाला तरी, आणि तेही निरोप पोहोचला तर.

असे असेल तर माझ्या पायाचे दुःख आणि शेजाऱ्याच्या पायाचे दुःख यांत फरक कोणता? दोन्ही मला बातमी म्हणूनच येतात. वाचक लगेच म्हणतील, फरक उघड आहे : पायाची बातमी दुखते, शेजाऱ्याची दुखत नाही. आक्षेप बिनतोड वाटतो. पण आपल्या महाराष्ट्रात हजारो माणसे अशी होऊन गेली, आणि आजही आहेत, की ज्यांच्या स्वतःच्या हातापायांची बातमी त्यांना दुखत नाही. कुष्ठरोग्यांविषयी मी बोलतो आहे.

या रोगाचा जंतू हॅन्सनने 1873 साली शोधला. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात, आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसांवर त्याचा विशेष रोख. कोपराला ज्या जागी काही आपटले की झिणझिण्या येतात, तिथली नस हे त्याचे आवडते ठिकाण. नस मेली की हात बधिर होतो. या रोगाने बोटे झडतात, असे लोक पिढ्यान् पिढ्या समजत आले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला या समजाचा नीट तपास केला, तेव्हा दिसले ते वेगळेच. बोटे रोगाने झडत नव्हती. चुलीवरचे तापलेले भांडे रोगी नुसत्या हाताने उचलत होता, खिळा रुतलेल्या पायाने चालत होता, रात्री उंदीर बोट कुरतडी तरी त्याची झोप मोडत नव्हती. दुखत नव्हते म्हणून हात जात होता. वेदनेला आपण शत्रू मानतो. हातापायांची राखण तीच करीत होती, हे ती गेल्यावर समजले.

अशा रोग्याला आता काय शिकवतात? गेलेली नस पुष्कळदा परत येत नाही. म्हणून त्याला रोज आपले हात आणि तळपाय डोळ्यांनी पाहायला शिकवतात. कुठे भाजले आहे का, फोड आहे का, भेग पडली आहे का? पाय पाण्यात भिजवावे, तेल लावावे, जपणारे पायताण घालावे. नसेचे काम दृष्टीने करायचे. तो हात त्याला दुखत नाही, आणि तरीही तो त्याचाच असतो. तो आपला राहतो तो रोज पाहिल्यामुळे.

मला या साध्या नेमात नीतीचा एक मोठा धडा दिसतो. परदुःखाविषयी लिहिताना आपण सहानुभूतीवर फार भर देतो. आधी आतून कालवले पाहिजे, मग माणूस हात पुढे करील, असे समजतो. बाबा आमट्यांची हकीकत याच्या उलट आहे. वरोऱ्याला गटाराकडेला पावसात पडलेला रोगी पाहून आपण प्रथम भ्यालो आणि पळालो, हे त्यांनीच सांगितले आहे. कणव पहिल्याने आली नाही. ते परत गेले, त्या देहाकडे त्यांनी पाहिले, त्याची सेवा केली. 1949 साली स्थापन झालेली महारोगी सेवा समिती आणि वरोऱ्याजवळचे आनंदवन ही त्या परत जाण्याची फळे आहेत.

आता तळवड्याकडे येतो. 8 डिसेंबर 2023 रोजी येथील एका शेडीत आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तिथे तयार होत. काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. काही जागीच गेल्या आणि भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढच्या दिवसांत रुग्णालयात दगावल्या. या कारखान्याला परवानगीच नव्हती, असे मग वर्तमानपत्रांत आले. त्या आधी त्या शेडीत दारू भरली जात होती, बायका सकाळी डबा घेऊन आत जात होत्या, संध्याकाळी बाहेर पडत होत्या. आणि त्या मेणबत्त्या गावोगाव टाळ्यांच्या गजरात पेटत होत्या. कोणालाही काही दुखत नव्हते. हाच तो बधिर हात.

समाजाच्या देहात निसर्गाने नसा घातलेल्या नाहीत. त्या आपण घालतो. कारखाना-निरीक्षक, अग्निशामक दलाचा दाखला, कामगार संघटना, वर्तमानपत्र या सगळ्या आपण ओढलेल्या नसा. प्रेसलाही अशी एक नस असते : दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय ती चालत नाही, म्हणजे हात आत असताना खाली येत नाही. पण माल लवकर निघावा म्हणून काही ठिकाणी त्यातले एक बटण कायमचे दाबून बांधून ठेवतात. मला हे हात बधिर करण्यासारखेच वाटते. कुष्ठरोगात ते जंतू करतो, येथे घाई करते.

यावर एक प्रामाणिक शंका आहे. साऱ्या जगाचे दुःख पाहत बसलो तर जगणे अशक्य होईल. शरीरसुद्धा प्रत्येक निरोप वर जाऊ देत नाही. मज्जारज्जूत जणू एक दार असून मेंदू ते लोटून घेऊ शकतो, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडला. त्याचा तपशील पुढे बदलला, पण मेंदू वेदनेला आवर घालतो हे खरे ठरले. कर्णाची मांडी किड्याने पोखरली तरी परशुरामाची झोप मोडू नये म्हणून तो हलला नाही. कळ त्याला येत नव्हती असे नाही. त्याने दार लोटले होते, आणि ते कशासाठी हे त्याला ठाऊक होते. अशा लोटण्याला माझी हरकत नाही. हातातले काम संपले की ते दार पुन्हा उघडता येते. नस तुटली असेल तर उघडायला दारच उरत नाही, आणि तुटल्याचे कळतही नाही. आपल्या मनाचे यांपैकी काय झाले आहे, हे ओळखायची एकच कसोटी मला सुचते : संध्याकाळी आपण आपल्या हातापायांकडे पाहतो की नाही?

हातपाय कोणाचे, हे मात्र नीट ठरवले पाहिजे. मी ज्या मोटारीतून जातो तिचा सुटा भाग ज्या बोटांनी घडवला ती, आणि माझ्या घरच्या केकवरची मेणबत्ती ज्या बोटांनी भरली ती, माझ्या त्वचेच्या आत येत नाहीत म्हणून माझी नव्हेत, असे म्हणणे मला अवघड जाते. ती दुखणार नाहीत. ती दुखावीत अशी वाट पाहण्यातही अर्थ नाही. त्या शेडीचे दार कोणत्या बाजूला उघडते, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, दोन्ही बटणे मोकळी आहेत का, एवढे जाऊन पाहता येते.