कपाटं मागे, खुर्च्या पुढे

धुळ्याला जुना कागद जपण्याची परंपरा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६च्या अखेरीस याच गावी वारले आणि त्यांनी जमवलेली दप्तरं सांभाळायला पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. जळगावचं व. वा. वाचनालय तर १८७७चं. ग्रंथालयाची इभ्रत भरलेल्या कपाटांवरून ठरायची आणि त्यात वावगं काही नव्हतं.

वैद्यकाचा हिशेब वेगळा. राजवाड्यांचा कागद जितका जुना तितका मोलाचा; ‘हॅरिसन’ हे वैद्यकाचं पाठ्यपुस्तक जुनं झालं की त्यावर विसंबणं रुग्णाला महागात पडू शकतं. त्याची १९वी, २०वी आणि २१वी आवृत्ती २०१५, २०१८ आणि २०२२ साली आली. जुनी प्रत मात्र कपाटातून हलत नाही, कारण ती दाखल नोंदवहीत चढलेली असते. निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, सह्या, आणि उद्या ऑडिटवाल्यांनी विचारलंच तर? त्यापेक्षा धूळ परवडली!

धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, तेव्हा ग्रंथालय म्हणजे साठाच. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९९च्या नियमांतही तीच समजूत होती. शंभर प्रवेशांच्या महाविद्यालयाला १६०० चौरस मीटरचं वातानुकूलित ग्रंथालय, ७००० पुस्तकं, १०० नियतकालिकं. पण त्याच नियमात एक शहाणी अट होती: दीडशे जणांची एक खोली आत, दीडशेंची एक बाहेर. आतल्या खोलीत एप्रन आणि बॅग दाराशी ठेवून जायचं. बाहेरच्या खोलीत स्वतःचं चौरसियांचं शरीररचनेचं पुस्तक, क्लासच्या नोट्स, पाण्याची बाटली, सगळं चालतं. पुढे काय होणार हे या बाहेरच्या खोलीने आधीच दाखवून दिलं होतं.

कारण साठा पडद्यावर गेला. १८७९पासून निघणारा ‘इंडेक्स मेडिकस’, म्हणजे वैद्यकीय लेखांची सूची, छापील रूपात २००४ साली थांबला. २००८मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘इरमेड’ ही ई-नियतकालिकांची सामायिक योजना आणली. २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये सरकारी संस्थांसाठी सुमारे तेरा हजार नियतकालिकं खुली झाली. दरम्यान २०२०च्या नियमावलीत परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने क्षेत्रफळाची आणि पुस्तकांची अटही खाली आणली.

मग इमारत तरी कशाला हवी? अमेरिकेत बाल्टिमोरच्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयाने २०१२च्या सुमारास दारं बंद करायचं ठरवलं होतं; ओरड झाली आणि बेत मागे पडला. खानदेशात हा प्रश्न कोणी विचारणारही नाही. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, होस्टेलच्या खोलीत पंखा गरम वारा फेकतो आणि ‘नीट-पीजी’ या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास तर करायचाच असतो. अशा वेळी ग्रंथालयाची एसी खुर्ची ही चैन नव्हे. भांडण होतं ते पुस्तकावरून नाही, प्लग पॉइंटजवळच्या जागेवरून.

म्हणून नूतनीकरण म्हणजे भिंतीला नवा रंग नव्हे. नियतकालिकांचे बांधीव खंड काढले की मोकळं दालन मिळतं. शिवाय कपाटांच्या दालनाची जमीन जास्त भार धरून बांधलेली असते, त्यामुळे तिथे टेबलं टाकताना अडचण येत नाही. उलटं करायचं तर आधी इंजिनिअरला गाठावं लागतं. प्रत्येक टेबलाला सॉकेट हवं. चर्चेसाठी काचेची बंद खोली हवी, नाहीतर चार जणांच्या केस डिस्कशनमध्ये उरलेल्या चाळीस जणांचा अभ्यास बुडतो. रात्रभर चालणाऱ्या खोलीला वेगळं दार, जवळ स्वच्छतागृह आणि पहारेकरी नसेल, तर ‘चोवीस तास खुले’ ही पाटी मुलींच्या उपयोगाची नाही.

जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली जिल्हा रुग्णालयाच्या आवारात सुरू झालं, म्हणजे मिळेल त्या जागेत भागवणं आलं. आता चिंचोली शिवारात वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंत आणि फिजिओथेरपी यांचं एकत्रित संकुल आखलेलं आहे. तिथल्या ग्रंथालयाचा आराखडा करणाऱ्यांनी कपाटं किती बसतील हे नंतर मोजावं. आधी परीक्षेच्या महिन्यात रात्री अकरा वाजता धुळ्या-जळगावच्या कुठल्याही अभ्यासिकेत जावं आणि किती मुलं जागेअभावी परत जातात ते पाहून यावं.