बाटलीवरचा ‘मानवी’ शब्द

माझी भाची बर्लिनला संशोधन करते. तिच्याकडे गेले असता तिने प्रयोगशाळेतील शीतकपाटातून बोटाच्या पेराएवढी एक कुपी काढून दाखविली. तीवर ‘मानवी टेट-2 एन्झाइम’ असे छापलेले होते. मी जन्मभर नर्सचे काम केलेली, चटकन विचारले, “हे कोणाच्या अंगातून काढले ग?”

“कोणाच्याच नाही, मावशी,” ती हसून म्हणाली. मानवी जनुकाची नक्कल जंतूंच्या किंवा किड्यांच्या पेशींत घालतात व त्या पेशी हे एन्झाइम तयार करतात. कृती माणसाची, रांधणारे दुसरेच!

आपल्या डीएनएवर मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा असतात. त्यांमुळे पुष्कळ जनुके गप्प राहतात. टेट एन्झाइम त्या खुणांचे रूप पालटते व त्या पुसण्याची वाट मोकळी करते. रक्ताच्या काही कर्करोगांत टेट-2 चे जनुकच बिघडलेले आढळते. बर्लिनच्या डालेम भागातील माक्स प्लांक रेणवीय आनुवंशिकी संस्थेतील संशोधकांनी 2000 साली उंदरांत दाखविले की, गर्भधारणेनंतर काही तासांतच पित्याकडून आलेल्या डीएनएवरील बहुतेक खुणा पुसल्या जातात.

ही संस्था इनेश्ट्रासे या रस्त्यावर आहे. त्याच रस्त्यावर 22 क्रमांकाच्या इमारतीत पूर्वी कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती. 1942 पासून तिचे संचालक ओटमार फॉन फेरशुअर होते. त्यांचा जुना सहायक मेंगेले ऑश्वित्झहून कैद्यांचे रक्त व डोळे तेथे पाठवीत असे. 2001 साली माक्स प्लांक सोसायटीचे अध्यक्ष हुबर्ट मार्कल यांनी वाचलेल्या जुळ्यांसमोर क्षमा मागितली.

भाची म्हणाली, “आता या कुपीसाठी कोणालाच इजा होत नाही. मग प्रश्न उरला कोठे?”

मला मात्र एक म्हातारी आठवली. ती आपल्याच समाजातील, नुकतीच इस्राएलला आलेली, हिब्रू न येणारी. डॉक्टरांना संशोधनासाठी जास्तीचे रक्त हवे होते. तिने विचारले, “बाय, आणखी एक नळी कशाला?” मी म्हटले, “तपासायला.” माझ्या मराठीवर विश्वास ठेवून तिने हात पुढे केला, वर आशीर्वादही दिला. दुखापत झाली नाही, चोरी मात्र झाली. आणि ती मी केली.

ऑश्वित्झच्या पापाशी माझ्या चुकीची तुलना करणे योग्य नाही. परंतु 1947 साली न्यूरेंबर्गच्या निकालात माणसाच्या खुषीच्या संमतीला पहिले स्थान दिले गेले, ते केवळ राक्षसांना आवरण्यासाठी नव्हे. घाईत असलेल्या चांगल्या माणसांसाठीही ते आहे.

म्हणून मी भाचीला विचारले, “एन्झाइम कोणाचे नाही, ठीक. पण ते ज्या डीएनएवर घालणार, ते कोणाचे?”

“सध्या उंदराचे. पुढे रोग्यांचे. ते सही करून देतात.”

“त्यांना समजेल अशा भाषेत कोणी सांगते का?”

ती गप्प झाली. “विचारून बघते,” म्हणाली.

वाचकहो, आपल्यातील किती वडीलधाऱ्यांनी परक्या लिपीतील कागदांवर सह्या केल्या असतील! पुढच्या खेपेस त्यांच्याबरोबर इस्पितळात जाल, तेव्हा सहीपूर्वी तो कागद त्यांना मराठीत वाचून दाखवा. मी तेवढे केले नाही.