‘डुप्लिकेट’ ठोकळे आणि खरी फसवणूक

दुसऱ्याने शोधलेला आकार आपण वापरला, तर ती चोरी होते का? प्रश्न कोर्टातला वाटतो, पण इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कळसमध्येही तो विचारला जातो. फक्त शब्द वेगळे असतात. “मामा, हे ओरिजिनल आहे का डुप्लिकेट?” नऊ वर्षांचा भाचा प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा डबा पुढे करून विचारतो. एकमेकांत अडकवायचे, त्यातून भिंतीवरचं चित्र, घर, ट्रॅक्टर, काय वाटेल ते बनवायचं, असे ते ठोकळे. डबा बारामतीच्या दुकानातून आलेला. लेगोच्या एका डब्याच्या किमतीत असे चार-पाच सहज येतील.

‘डुप्लिकेट’ म्हणताना त्याच्या आवाजात थोडी लाज होती. ती लाज कुणी बाळगायला हवी, हा माझा प्रश्न आहे.

आधी ‘ओरिजिनल’चा इतिहास बघू. डेन्मार्कमधल्या बिलुंड या छोट्या गावात ओले किर्क क्रिस्टियनसेन नावाचा सुतार होता. मंदीत घरबांधणीची कामं आटली, तेव्हा 1932 मध्ये तो लाकडी खेळणी करायला लागला. तीच पुढे लेगो कंपनी झाली. 1949 मध्ये तिने प्लास्टिकचे ठोकळे बाजारात आणले. पण एकमेकांवर बसणारा तो ठोकळा मुळात तिचा नव्हता. ब्रिटनमधल्या हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ कंपनीचे तसे ठोकळे आधीच विकले जात होते, आणि लेगोने ते समोर ठेवून आपले बनवले. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतो, त्याची सुरुवातही नकलेतूनच झाली.

अर्थात लेगो नकलेवर थांबली नाही. सुरुवातीचे ठोकळे आतून पोकळ होते, नीट धरून राहत नसत. कंपनीने आत नळ्या घातल्या. वरच्या ठोकळ्याच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये खालच्या ठोकळ्याची बटणं घट्ट अडकली. 28 जानेवारी 1958 ला या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही बसतो. आठ बटणांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले, तरी ते 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला याचं अप्रूप जरा जास्तच वाटतं. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीचं व्हर्जन नव्याशी जुळलं, तरी आम्ही खूश असतो.

आता चोरीचा प्रश्न. पेटंट म्हणजे समाजाने शोधकर्त्याशी केलेला सौदा. तुझी युक्ती सगळ्यांना उघड करून सांग, त्या बदल्यात काही वर्षं ती फक्त तुझी. मुदत संपली की ती सगळ्यांची. ठोकळ्याची मुदत संपल्यावर लेगोने त्या आकाराला ट्रेडमार्क म्हणून संरक्षण मिळवायचा प्रयत्न केला, कारण ट्रेडमार्क वारंवार नूतनीकरण करून कायमचा ठेवता येतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि युरोपियन युनियनच्या न्यायालयाने 2010 मध्ये ते नाकारलं. जो आकार एखादं तांत्रिक काम करतो, त्यावर कायमची मक्तेदारी देता येत नाही, असं त्यामागचं तत्त्व. पण लेगोच्या पिवळ्या चेहऱ्याच्या छोट्या बाहुल्याचा ट्रेडमार्क मात्र 2015 मध्ये युरोपात टिकला. आणि ‘लेपिन’ या नावाने लेगोचे डबे, त्यावरची चित्रं, आतली मॉडेलं जशीच्या तशी छापून विकणाऱ्या टोळीच्या प्रमुखाला शांघायच्या न्यायालयाने 2020 मध्ये सहा वर्षांची शिक्षा सुनावली.

मला ही वाटणी न्याय्य वाटते. जोड सगळ्यांचा, चेहरा ज्याचा त्याचा. कळसच्या सुतारानेही एका लाकडाला खाच आणि दुसऱ्याला टोक काढून दोन्ही घट्ट बसवायची युक्ती कुणाकडून तरी उचललेलीच असते. तिच्यावर कुणाचं नाव नसतं. मात्र दुसऱ्याने केलेली बैलगाडी तो आपली म्हणून विकत नाही. तेव्हा भाच्याच्या डब्यावर स्वतःचं वेगळं नाव असेल, मॉडेल स्वतःचं असेल, तर आकार सारखा आहे एवढ्यावरून त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग सगळं ठीक आहे का? नाही. कारण त्या डब्यातला ट्रॅक्टर उभाच राहिला नाही. काही ठोकळे इतके सैल की उचलले की सुटायचे, काही इतके घट्ट की दातांनी ओढावे लागायचे. अर्ध्या तासाने भाचा म्हणाला, “मला नाही येत हे.”

खरी फसवणूक इथे आहे. खराब चप्पल तुटली तर आपण चपलेला नावं ठेवतो. खराब ठोकळा निसटला तर मूल स्वतःला नावं ठेवतं, कारण ठोकळा चुकीचा असू शकतो हे त्याला ठाऊकच नसतं. मिलिमीटरचा छोटासा अंश कारखान्यात चुकतो, आणि त्याचा हिशोब मुलाच्या आत्मविश्वासातून वळता होतो. डेन्मार्कच्या कंपनीचं यात काय नुकसान झालं, याची चर्चा खूप होते. पण मुलाच्या या नुकसानीसाठी कुणी कोर्टात जात नाही. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. पण तो नियम सुरक्षेचा आहे. विषारी रंग नको, टोकदार कडा नको. ठोकळा ठोकळ्याला धरतो का, हा प्रश्न बनवणाऱ्याच्या सचोटीवरच राहतो.

यावर कुणी म्हणेल, स्वस्तात एवढंच मिळणार. परवडत नसेल त्याने अपेक्षा कमी ठेवाव्यात. हे मला मान्य नाही, आणि त्याचं उत्तर पुण्यातच आहे. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोमध्ये होते. 1978 मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या यांत जोड सापडला. नळीचा छोटा तुकडा, दोन्ही टोकांत एकेक काडी. अशा तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबूनही आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. सहा काड्या घेतल्या की त्रिकोणांचा मनोरा उभा राहतो. इमारतींना आणि पुलांना तिरपे आडवे दांडे का लावतात, हे मुलाला हातातच कळतं. पुढे ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली, आणि ती कशी करायची हे फुकट वाचता-पाहता येईल असं वेबसाइटवर ठेवलं.

हा जोड अत्यंत स्वस्त आहे, पण खोटा नाही. नळी सैल असेल तर मुलाला दिसतं की नळी सैल आहे. तो दुसरा तुकडा कापतो. चूक कुठे आहे हे लपवलेलं नसतं, म्हणून ती दुरुस्त करता येते. स्वस्त आणि खोटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असं मानायची सवय आपल्याला बाजाराने लावली आहे, आणि ती गरिबाला सगळ्यात महाग पडते.

म्हणून पुढच्या वेळी कुणी मूल ‘ओरिजिनल का डुप्लिकेट’ विचारेल, तेव्हा मी त्याच्या हातात दोन ठोकळे देईन. जोड, उलटं धर, हलव. सुटला तर त्याला मोठ्याने सांगायचं: तुझं काही चुकलेलं नाही, ठोकळा वाईट आहे. आपल्या गावात हे वाक्य लहानपणी फार कमी जणांनी ऐकलेलं असतं.