आयर्न म्हणजे लोखंडच?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडवेली झाली होतीस. ‘आजी, आयर्न म्हणजे लोखंड. मी मटेरियल नाउन लिहिलं, तरी मॅडमनी फुली मारली!’ मग मी तुला अख्खं वाक्य वाचायला लावलं. ‘शी आयर्न्स हर युनिफॉर्म.’ अगं, इथे लोखंड कुठंय? इथे ती युनिफॉर्मला इस्त्री करतेय. क्रियापद आहे ते.

तुझ्या चुकीला कारण आहे. आपल्या मराठीत शब्द बहुधा अंगावर खूण घेऊन हिंडतात. घोडा, घोड्याला, घोड्यावर म्हटलं की ते नाम, हे सांगायला कुणी लागत नाही. (‘धुणं’ दोरीवरही वाळतं आणि क्रियाही असते, पण असे लबाड शब्द आपल्याकडे कमी.) हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, तीन लिंगं होती. पुढे ते सगळं झिजलं. नामाच्या मागे उरला जेमतेम एक ‘एस’, आणि तसाच ‘एस’ क्रियापदालाही चिकटतो! त्यामुळे शब्द वाक्यात कुठे बसलाय हे पाहिल्याशिवाय इंग्रजीत त्याची जात कळत नाही. ‘ॲन आयर्न’ म्हटलं की कपड्यांची इस्त्री, कॉमन नाउन. नुसतं ‘आयर्न’ म्हणजे लोखंड. ‘ॲन आयर्न गेट’मधलं आयर्न विशेषणाचं काम करतं, ते विशेषणच म्हणायचं की विशेषणासारखं वापरलेलं नाम, यावर जाणते भांडतात. परीक्षेत मॅडम सांगतील तेच लिही.

नामांचे प्रकार मराठीत तीन आणि इंग्रजीत पाच कसे, असंही तू विचारलंस. फार मनावर घेऊ नकोस. समूहवाचक आणि पदार्थवाचक नामं आपण सामान्यनामाच्या पोटात घालतो, शाळेतलं इंग्रजी व्याकरण त्यांना वेगळी खोली देतं. माझ्या मते त्या पाच नावांपेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा: ही वस्तू इंग्रज मोजतो का? आपण तांदूळ निवडले म्हणतो, गहू दळून आणले म्हणतो, केस गळतात म्हणतो. सगळं अनेकवचनी. इंग्रजीत राइस, व्हीट, हेअर हे बहुतेक वेळा एकवचनी, न मोजता येणारे. फर्निचर आणि ॲडव्हाइसचंही तसंच, म्हणून ‘ॲडव्हायसेस’ लिहिलंस की तांबडी रेघ आलीच. मोजायचेच असतील तर ‘अ पीस ऑफ’ असं माप लावावं लागतं, जसं आपण भाताची मूद म्हणतो.

आणि शब्दांच्या जाती दोन्हीकडे आठच कशा? आपल्या यास्काने निरुक्तात चारच मानल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आठाचा हिशोब ग्रीकांचा. त्यांच्या आठांत आर्टिकल होतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणून रोमन पंडितांनी केवलप्रयोगी अव्यय वेगळं मोजलं आणि आकडा आठावर आणून ठेवला. ‘अरेरे!’ला अशी जागा मिळाली! लॅटिनवरून इंग्रजीने हिशोब उचलला. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं; आपल्या शालेय व्याकरणावर इंग्रजीची छाया त्या शतकातच पडली. फरक इतकाच, की इंग्रजीचं ‘ऑन’ टेबलाच्या आधी येतं आणि आपलं ‘वर’ टेबलाला मागून चिकटतं.

आता एक काम. ‘राउंड’ हा शब्द घे आणि त्याची पाच वाक्यं कर. नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि प्रिपोझिशन, पाचही व्हायला हवीत. शब्दकोश उघडलास तर चालेल, बाबांना विचारू नकोस.

तुझी,
आजी

ता. क. मटारला इंग्रजीत पूर्वी ‘पीज’ हाच एकवचनी शब्द होता. शेवटचा आवाज ऐकून लोकांना तो अनेकवचनाचा ‘एस’ वाटला आणि त्यांनी तो काढून ‘पी’ नावाचा नवा दाणा तयार केला. म्हणजे तुझ्यासारखीच चूक केली, पण त्यांना फुली मारायला कुणी नव्हतं.