सारांशात काय उरावं

इंग्रजीचा सारांश लिहायला सांगितला की बहुतेक मुलं आधी पेन्सिल हातात घेतात आणि उताऱ्यातली वाक्यं अधोरेखित करू लागतात. दर परिच्छेदातलं पहिलं वाक्य, मग मोठमोठ्या शब्दांचं एखादं आणि अगदी शेवटचं. ही वाक्यं एकाखाली एक उतरवली की शब्दमर्यादा भरते. असं उत्तर तपासताना लाल पेन फारसं चालत नाही, कारण व्याकरण मूळ लेखकाचंच असतं. तरी वाचून झाल्यावर लेखकाला काय म्हणायचं होतं ते हाती लागत नाही.

दोष मुलांचा नाही. शाळेत मराठीच्या तासाला कल्पनाविस्तार करून करून एका ओळीचं पान करण्याची सवय त्यांना लागलेली असते. पानाची ओळ कशी करायची हे मात्र कुणी शेजारी बसून दाखवत नाही. मग एकदम परीक्षेतच गाठ पडते. बारावीला मुद्दे हाताशी देतात आणि शीर्षक सुचवायला सांगतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीच्या 300 गुणांच्या पेपरात तब्बल 75 गुण सारांशाला असतात. तिथे उतारा एक-तृतीयांश करायचा, स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि शीर्षक द्यायचं नाही. गाइडमध्ये हे सगळे नियम असतात, पण नियम पाळूनही सारांश फसतो, तो का, हे तिथे सापडत नाही.

तो फसतो, कारण मुलं सारांश म्हणजे काटछाट असं धरून चालतात. माझं मत वेगळं आहे. सारांशात लेखकाची वाक्यं नसली तरी चालतं, माहितीही बरीच गळाली तर बिघडत नाही. लेखकाने एका गोष्टीचा दुसरीशी जो संबंध जोडला आहे तो मात्र उरलाच पाहिजे. कशामुळे काय घडलं, काय असूनही काय केलं, कशाच्या विरोधात काय मांडलं, हे गेलं की उताऱ्यातला विचार गेला.

जॉर्ज ऑर्वेलचा ‘शूटिंग ॲन एलिफंट’ हा 1936 चा निबंध घेऊ. इंग्रजी घेतलेल्या मुलांना तो कधी ना कधी भेटतोच. ऑर्वेल मूळचा एरिक ब्लेअर, जन्म बिहारातल्या मोतीहारीचा, आणि 1922 ते 1927 अशी पाच वर्षं तो ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी होता. निबंधातला निवेदक मोलमीन गावात पोलिस अधिकारी आहे. गाव त्याचा तिरस्कार करतं. साम्राज्यशाही वाईट आहे हे त्याला पटलेलं आहे, पण त्याला छळणाऱ्या लोकांचाही त्याला संताप येतो. एक दिवस माजावर आलेला पाळीव हत्ती साखळी तोडून सुटतो, बाजारात धुडगूस घालतो, एका द्रविड मजुराला चिरडतो. अधिकारी मोठी बंदूक मागवतो, निव्वळ स्वतःच्या बचावासाठी. हत्ती सापडतो तेव्हा तो शांतपणे गवत खात उभा असतो, माज ओसरत आलेला असतो. त्याला मारायचं काही कारण नाही हे अधिकाऱ्याला स्पष्ट दिसतं. पण मागे निदान दोन हजारांचा जमाव उभा असतो. बंदूक आणली म्हणजे आता साहेब हत्ती मारणार, असं सगळे धरून बसलेले असतात. साहेब गोळी घालतो.

याचा पहिला, सगळ्यात सोपा सारांश असा येतो: ब्रह्मदेशात एक अधिकारी होता, एक हत्ती पिसाळला, त्याने माणूस मारला, अधिकाऱ्याने हत्तीला गोळ्या घातल्या, हत्ती मेला. यातली प्रत्येक गोष्ट निबंधात आहे, तरीही हा सारांश खोटा आहे. हत्तीने माणूस मारला म्हणून अधिकाऱ्याने हत्ती मारला, असा अर्थ यातून निघतो. ऑर्वेल तर नेमकं उलटं सांगतो आहे. हत्ती आता निरुपद्रवी आहे हे दिसत असूनही अधिकाऱ्याने त्याला मारलं, कारण जमावापुढे त्याला हसं करून घ्यायचं नव्हतं. सत्ता गाजवणाऱ्याला सत्तेचा आब राखण्यासाठी लोक म्हणतील तसं वागावं लागतं, हा निबंधाचा गाभा. बाजार, साखळी, बंदूक सगळं गाळा. ‘असूनही’ आणि ‘कारण’ गाळू नका.

इथेच इंग्रजी शिकणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. आपल्या मुलांचं इंग्रजी ‘अँड’ आणि ‘देन’वर चालतं. छोटी, सुटी वाक्यं ती बिनचूक लिहितात. पण ‘ऑल्दो’ने सुरू होऊन ‘बिकॉज’पर्यंत पोचणारं एक वाक्य लिहा म्हटलं की अडतात, आणि मग लेखकाचंच वाक्य उचलतात. व्याकरणाच्या तासाला दोन वाक्यं जोडण्याचे स्वाध्याय त्यांनी रग्गड केलेले असतात, पण तिथे ती दोन वाक्यं का जोडायची याला काही कारण नसतं. सारांशात ते असतं. तिथे वाक्य जोडल्याशिवाय अर्थच सांगता येत नाही. इंग्रजी वाक्यरचना पक्की व्हायला सारांशासारखा दुसरा अभ्यास मला तरी माहीत नाही.

मी मुलांना पुस्तक मिटायला सांगतो आणि ज्याने पाठ वाचलेला नाही अशा शेजाऱ्याला तो मराठीत सांगायला लावतो. इंग्रजीच्या वर्गात मराठी कशाला, असं काही सहकारी विचारतात. त्याचं कारण आहे. मराठीत सांगताना ‘अगं, त्याला दिसत होतं की हत्ती काही करत नाहीये, तरी मारला, का तर लोक बघत होते’ हे वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडतं. संबंध जागेवर असतात. इंग्रजी लिहिताना मग फक्त इंग्रजीचं ओझं उरतं. समजणं आणि लिहिणं ही दोन ओझी एकदम उचलताना मूल दोन्ही टाकतं.

यापुढची पायरी जास्त अवघड, कारण तिथे भाषेचं ज्ञान पुरत नाही. निबंधाच्या शेवटी निवेदक कबूल करतो की तो मजूर मेला याचं त्याला बरंच वाटलं, कारण त्यामुळे हत्ती मारणं कायद्याने योग्य ठरलं. संवेदनशील मुलं ही ओळ हमखास गाळतात. लेखकाबद्दल सहानुभूती वाटू लागलेली असते, त्याच्या तोंडी हे शोभत नाही. काही जण ती ठेवतात, पण पुढे स्वतःचा निषेध जोडतात. दोन्ही करायचं नाही. ज्याचा सारांश करतो त्याला आवडेल असा किंवा आपल्याला आवडेल असा रंगवायचा नाही, हा सारांशातला सर्वांत मोठा सराव आहे. माणसाचं म्हणणं न पटताही ते जसंच्या तसं मांडता येणं ही साधी गोष्ट नव्हे, आणि परीक्षा संपल्यावरही तिचा उपयोग संपत नाही.

सारांशाला मर्यादाही आहेत. फ्रान्सिस बेकनने अभ्यासावरच्या आपल्या निबंधात म्हटलं आहे की काही पुस्तकं दुसऱ्याने काढलेल्या टिपणांवरून वाचली तरी भागतं, पण ती कमी महत्त्वाच्या विषयांची आणि हलक्या प्रतीची पुस्तकं. ऑर्वेलच्या निबंधात हत्तीच्या मरणाला पुष्कळ जागा दिलेली आहे. गोळ्यांवर गोळ्या घातल्या जातात, हत्ती कोसळतो, पण प्राण जात नाही. अधिकाऱ्याला ते बघवत नाही आणि तो निघून जातो. मरायला अर्धा तास लागला हे त्याला मागाहून कळतं. घटना म्हणून पाहिली तर याला एक वाक्य पुरतं. पण एवढं लांबवून सांगण्यामागेही लेखकाचा हेतू आहे. दिखाव्यासाठी केलेल्या कृत्याची किंमत कुणी आणि किती वेळ मोजली, हे वाचकाला त्यातून सुटका न देता दाखवायचं आहे. त्याला सारांशात एक वाक्य द्यावं की दोन, यावर दर वर्षी वर्गात जोरदार वाद होतो. एक वाक्य देणारे म्हणतात, गाभा जमावाचा आहे. दोन देणारे म्हणतात, मरण आटोपतं घेतलं तर गाभ्याचं वजनच जातं. मी दोन्ही वह्यांना पूर्ण मार्क देतो, मात्र समासात कारण लिहिलेलं असेल तरच.